हरीण सगळ्यांचं, शेत एकाचं

ऑगस्टची दुपार होती. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मका डोक्याच्या वर गेलेला, सोयाबीन कमरेला लागलेलं. मिसिसिपीच्या काठावरच्या आमच्या गावापासून अर्ध्या तासावर, खडीच्या रस्त्यावर माझ्या सहकाऱ्याने पिकअप थांबवली. थांबवली तीही घरासमोर नाही, जरा अलीकडे, कडेला. ट्रॅक्टर आला तर अडायला नको. त्याने गॉगल काढून डॅशबोर्डवर ठेवला. शिकारीचे हिरवे-करडे ठिपकेवाले कपडे त्या दिवशी त्याने मुद्दामच घातले नव्हते.

"मी गाडीतच बसतो," मी म्हणालो.

"नको, उतर. गाडीत बसून टक लावून बघणारा माणूस दिसला की लोक बिचकतात."

आम्ही पुढच्या दाराकडे न जाता बाजूच्या दाराशी गेलो. इथल्या शेतघरांत पुढचं दार बहुतेक शोभेलाच असतं, वावर सगळा बाजूच्या दारातून. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. सहकाऱ्याने टोपी काढली, नाव सांगितलं, कुठे राहतो, कुठे नोकरी करतो ते सांगितलं आणि मग विचारलं, "तुमच्या ओढ्याकाठच्या झाडीत यंदा धनुष्यबाणाने हरणाची शिकार करू द्याल का?" बाई म्हणाल्या, "तिथे माझा पुतण्या बसतो, नाही जमणार." याने "बरं, वेळ दिलात, आभार" म्हटलं आणि आम्ही परत फिरलो. दोन मिनिटांचं काम.

मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. या माणसाने शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला होता, परवान्याचे पैसे भरले होते, हरणाचा टॅग, म्हणजे एका हरणापुरती सरकारी चिठ्ठी, काढणार होता. म्हणजे सरकारने 'मार' म्हटलेलं. तरीही एका म्हाताऱ्या बाईच्या 'नाही'पुढे त्याचं काही चालत नव्हतं. हे असं का, ते समजून घ्यायला मला दोन हंगाम लागले. जे कळलं ते इथे मांडतो. मी स्वतः शिकार करत नाही, फक्त सोबत हिंडतो, हे आधीच सांगून टाकतो.

सगळ्याच्या मुळाशी मालकीचा एक तिढा आहे. अमेरिकेत शेत शेतकऱ्याचं असतं, पण त्या शेतात चरणारं रानटी हरीण त्याचं नसतं. ते कुणाचंच नसतं, किंवा सगळ्यांचं असतं. राज्य सरकार जनतेच्या वतीने त्याचं विश्वस्त. किती मारायची, कधी मारायची, कशाने मारायची हे राज्य ठरवतं. मात्र त्या हरणापर्यंत पोचायला पाय ज्या मातीवर ठेवायचा, ती माती खाजगी. एक हक्क सरकारकडून मिळतो, दुसरा शेतकऱ्याकडून, आणि दोन्ही हातात असल्याशिवाय शिकार कायदेशीर होत नाही. जर्मनीत याच्या उलट रीत आहे. तिथे शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. सलग ७५ हेक्टर असलेला मालक स्वतःचं शिकारक्षेत्र राखू शकतो, त्याहून लहान मालकांच्या जमिनी एकत्र करून तो हक्क भाड्याने दिला जातो. जुन्या इंग्लंडात तर रान राजाचं नाहीतर जमीनदाराचं. गरिबाने ससा मारला तरी तो चोर.

त्या जाचाची आठवण घेऊनच लोक अटलांटिक ओलांडून आले, आणि इथे त्यांनी उलटा पायंडा पाडला. व्हरमाँटच्या १७७७ सालच्या राज्यघटनेत लिहूनच ठेवलंय की, स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनीवर रहिवाशांना योग्य काळात शिकारीची मोकळीक राहील. कुंपण नाही म्हणजे 'ये' असा अर्थ. आपल्याकडेही असा न लिहिलेला कायदा आहेच की. पीक निघालं की रान मोकळं, मग त्यात कुणाची गुरं शिरली तरी कुणी बांधावर येऊन भांडत नाही. धनगर मेंढ्या घेऊन येतो तेव्हा उलट शेतकरीच लेंडीखतासाठी 'आमच्या वावरात बसवा' म्हणून मागे लागतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १९२२ मधल्या एका निकालात याच धाटणीचं मत मांडलं होतं. प्रकरण मिझुरीतल्या एका जमिनीवरून उचललेल्या शिंपल्यांचं. मोकळ्या, बिनकुंपणाच्या जमिनीवर लोक पिढ्यान् पिढ्या येत-जात असतील, तर त्या वहिवाटीतूनच परवानगी मानता येते, असा त्याचा आशय.

पण तोवर काटेरी तार येऊन गेली होती. शेजारच्या इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि लाकूड नसलेल्या या सपाट मुलखात कुंपण घालणं एकदम स्वस्त झालं. दुसरीकडे हरणं संपत आली. आयोवाने १८९८ मध्ये हरणाची शिकारच बंद केली, ती थेट १९५३ पर्यंत. आज याच राज्यात रात्री गाडी चालवताना रस्त्यात हरीण आडवं येईल म्हणून जीव मुठीत धरावा लागतो, त्यामुळे हे वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. हरणं परत आली, पण ती आली खाजगी मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत. आयोवातली शंभरातली सत्त्याण्णवच्या आसपास एकर जमीन खाजगी आहे. सरकारी रान म्हणावं असं फारच थोडं, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथे जत्रा.

परवानगी म्हणजे नक्की काय, हे प्रत्येक राज्यात निराळं, आणि इथेच नवखे लोक फसतात. आयोवात शिकारीसाठी पाऊल टाकायचं तर मालकाने किंवा शेत कसणाऱ्याने स्पष्ट होकार दिलेला हवा. पाटी लावली नव्हती, ही सबब चालत नाही. तोंडी होकार पुरतो. ओहायोत तो लेखी लागतो आणि कागद खिशात बाळगावा लागतो. ईशान्येकडच्या मेनमध्ये जुनी रीत अजून टिकून आहे. पाटी नसेल तर जा, पण तरी विचारलंस तर बरं. टेक्सासमध्ये पाटीऐवजी जांभळा रंग चालतो. झाडावर नाहीतर खांबावर आठ इंच लांब, एक इंच रुंद उभा पट्टा, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, आणि झाडीत दर शंभर फुटांच्या आत एक. तो दिसला की 'आत येऊ नका' समजायचं. पाट्या लोक चोरतात, गोळ्या घालून चाळण करतात, वाऱ्याने उडतात. रंग कोण चोरणार? ही युक्ती मग बऱ्याच राज्यांनी उचलली. नॉर्थ डकोटाने तर २०२१ मध्ये कायदा करून जमीन ऑनलाइनच 'बंद' करायची सोय दिली. तिथे शेताच्या कडेला काहीच दिसत नसेल, तरी बंदी असू शकते.

आता विचारायचं कुणाला? हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. दुसऱ्या घरी आम्हाला तोच नडला. इथली जमीन सरकारी मोजणीने चौकोनांत कापलेली आहे. एक मैल बाय एक मैलाचा चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकर. त्याचा पाव म्हणजे १६० एकर, १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली एका कुटुंबाला मिळत होता तेवढा. कोणता तुकडा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारं नकाशांचं पुस्तक असतं, त्याला प्लॅट बुक म्हणतात. आपला सातबारा आणि गट नकाशा एकत्र शिवला तर जे होईल, साधारण तसं. हल्ली तेच फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मिळतं. झाडीत उभं राहिलं की आपला निळा ठिपका कुणाच्या हद्दीत आहे ते दिसतं. पण नावावर कोण आहे ते कळलं, तरी कसतं कोण ते नकाशा सांगत नाही. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडाने दिलेली आहे. मालकीण असते ॲरिझोनाच्या उन्हात निवृत्त आयुष्य घालवत आणि मका असतो शेजाऱ्याने पेरलेला. त्या दुसऱ्या घरातला माणूस असाच खंडकरी निघाला. म्हणाला, "माझी हरकत नाही, पण जमीन माझी नाही." त्याने मालकिणीचा फोन नंबर दिला नाही, स्वतःच विचारतो म्हणाला. सहकारी गाडीत बसता बसता म्हणाला, "असंच बरं. मी परस्पर मालकिणीला गाठलं असतं तर हा आयुष्यभर खुन्नस धरून बसला असता." दोघांचाही रुकार घ्यायचा, आणि कसणाऱ्याला कधीच वगळायचं नाही, हा यातला मोठा धडा. पेरणी, फवारणी, मळणी कधी आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

शिकाऱ्यांच्या मनात एक गोड गैरसमज असतो. हरणं पीक खातात, म्हणजे शेतकरी आपल्याला हार घालून आत घेईल. पीक खातात हे खरंच आहे. झाडीलगतच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या ओळी कशा कुरतडलेल्या असतात ते मी पाहिलंय. पण शेतकऱ्याला हवी असते मादी कमी व्हायला, कारण पुढच्या वर्षीची पाडसं ती घालते. शिकाऱ्याला हवा असतो भिंतीवर लावण्याजोग्या शिंगांचा नर. एक माणूस दहा वर्षं रानात येतो, मोठ्या शिंगांची वाट बघत बसतो, माद्या समोरून जाऊ देतो आणि वर म्हणतो की मी तुमचं पीक वाचवतो. शेतकरी खुळा नसतो. म्हणून जाणते शिकारी पहिल्याच बोलण्यात सांगून टाकतात, "आधी मादी मारीन, मग नराचं बघू." माझ्या सहकाऱ्याच्या अनुभवात या एका वाक्याने जितकी दारं उघडली, तितकी दुसऱ्या कशाने नाही.

नकार देणाऱ्याच्या बाजूने विचार केला की त्याची यादी बरीच लांब निघते. ओल्या शेतात गाडी घालून चाकोऱ्या पाडतील. फाटक उघडं टाकतील आणि गुरं रस्त्यावर. एकाला होकार दिला तर तो उद्या तीन मित्र, एक मेहुणा घेऊन येईल. गोळी कुठे जाईल? आयोवात माणसं किंवा गुरं असलेल्या इमारतीपासून २०० यार्डांच्या आत मालकाच्या किंवा राहणाऱ्याच्या संमतीशिवाय बंदूक चालवता येत नाही, पण मोजपट्टी घेऊन कोण उभं राहतंय? शिवाय डिसेंबरच्या बंदुकीच्या हंगामात इथे हाका घालायची पद्धत आहे. अर्धे लोक झाडीतून आरडाओरडा करत चालतात, अर्धे पलीकडच्या टोकाला नेम धरून बसतात. अगदी आपल्या जुन्या गोष्टींतला हाका, फक्त सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी जाकिटं. एवढा जमाव आपल्या वावरात यावा असं कुणाला वाटेल? म्हणूनच सहकाऱ्याने धनुष्याची परवानगी मागितली. एक माणूस, एका झाडावर मचाण बांधून, आवाज न करता. ही मागणी पचायला सोपी.

आणि कोर्टाची भीती. कुणी मचाणावरून पडून पाय मोडला आणि मालकावरच दावा ठोकला तर? यावर तोड म्हणून अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायदे आहेत. करमणुकीसाठी, फुकट येऊ दिलेल्या माणसाला इजा झाली तर मालकावर सहसा जबाबदारी येत नाही. मालकाने जाणूनबुजून केलेला घात अर्थात यात येत नाही. पण 'फुकट' हा शब्द यातली मेख आहे. पैसे घेतले की ते संरक्षण बहुतेक ठिकाणी जातं आणि विमा काढावा लागतो.

पैसे मात्र आता घेतले जातात, हे खरं. टेक्सासमध्ये जवळजवळ सगळी जमीन खाजगी, आणि तिथे हंगामासाठी रान भाड्याने घेणं ही नेहमीचीच गोष्ट. एकरी भाडं, लेखी करार, विम्याचा कागद. ती लाट मध्य-पश्चिमेकडेही आली आहे. मोठ्या शिंगांच्या नरांसाठी आयोवाचं नाव झाल्यापासून शहरातला डॉक्टर शेतकऱ्याला चेक देतो आणि गावातला वेल्डर, जो वीस वर्षं मालकाचं फाटक दुरुस्त करून देत तिथे शिकार करायचा, तो बाहेर. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, मक्याचा भाव पडला की तेच पैसे खताला येतात. पण मला स्वतःला हा बदल आवडत नाही. हरीण सगळ्यांचं म्हणायचं आणि त्याच्यापर्यंतची वाट लिलावात काढायची, हे कुठेतरी खुपतं. राज्यांनी यावर मधला मार्ग काढला आहे. सरकार मालकाला मोबदला देतं किंवा झाडोरा वाढवायला मदत करतं, बदल्यात तो लोकांना पायी आत येऊ देतो. मोंटाना, कॅन्ससची अशी योजना जुनी. आयोवाची २०११ पासूनची.

जखमी हरणाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बाण लागलेलं हरीण कुंपणावरून उडी मारून शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पडलं तर? आयोवात कायदा म्हणतो, बंदूक-धनुष्य अलीकडे ठेव आणि रिकाम्या हाताने जाऊन शोध. इतर बऱ्याच राज्यांत त्यासाठीही विचारावं लागतं. कायदा काही म्हणो, माझा सहकारी शेजाऱ्याला आधी फोन करतो. अंधार पडत आलेला, थंडी वाढत चाललेली, विजेरीच्या उजेडात वाळलेल्या पानांवर रक्ताचे थेंब शोधायचे, आणि हा बाबा कुंपणाशी उभा राहून फोन उचलला जाण्याची वाट बघतोय. त्या वीस मिनिटांत मला थंडीने हुडहुडी भरली होती.

पश्चिमेकडे हा सगळा खेळ वेगळ्या पटावर चालतो. तिथे एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एक आड एक सेक्शन देण्यात आले, मधले सरकारकडे राहिले. नकाशा बघितला तर बुद्धिबळाचा पट. पांढरी घरं लोकांची, काळी खाजगी. मग पांढऱ्या घरातून पांढऱ्या घरात जायचं कसं? उंटासारखं, तिरकं, कोपऱ्यावरून. २०२१ मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमध्ये नेमकं तेच केलं. कोपऱ्यावर शिडी टेकवली आणि खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडच्या सरकारी जमिनीवर उतरले. मालकाने दावा लावला. म्हणणं असं, की माझ्या जमिनीवरची हवाही माझीच. मार्च २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यासाठी आधार घेतला १८८५ च्या एका कायद्याचा, जो गुरंवाल्या बड्या मालकांनी सरकारी रानं कुंपणात कोंडू नयेत म्हणून केला होता.

इथे येणाऱ्या आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्याला फेडरल कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक 'जरा बघू' म्हणून हातात घेण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्या, कारण चूक झाली तर प्रकरण व्हिसावर जातं. दुसरी गोष्ट जास्त जड आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये लाओसहून आलेल्या हमोंग समाजातला एक शिकारी दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवरच्या मचाणावर सापडला. बोलाचाली झाली, त्याने गोळ्या झाडल्या आणि सहा माणसं मेली. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या आणि आधी आपल्यावर गोळी झाडली, असं तो कोर्टात म्हणाला. ज्युरीने ते मानलं नाही, त्याला जन्मठेप झाली. त्यानंतर सगळ्याच हमोंग शिकाऱ्यांकडे संशयाने बघितलं गेलं. हद्द ओळखणं आणि आधी विचारणं याला इथे काय मोल आहे, ते त्या भागात आजही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात मी हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग आमच्या रानडुकरांसाठी बोलाव की त्यांना!" विदर्भात रोही (नीलगाय) आणि डुकरांपायी माणसं रात्र रात्र मचाणावर जागलीला बसतात. पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने स्वतःच्या शेतातही मालकाला शिकारीचा हक्क नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराबद्दल काही करायचं तर अर्ज वनखात्याकडे, परवानगी त्यांची, आणि तशा परवानगीने मारलं तरी ते जनावर सरकारी मालमत्ता. म्हणजे आयोवात शिकारी टोपी काढून शेतकऱ्याच्या दाराशी उभा, आणि यवतमाळात शेतकरी अर्ज घेऊन अधिकाऱ्याच्या दाराशी. पीक दोन्हीकडे शेतकऱ्याचंच जातं.

त्या दिवशी तिसऱ्या घरी काम झालं. म्हातारा कोठाराच्या सावलीत बसून कोयत्यासारखं पातं कानशीने घासत होता. त्याने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मादी आधी. एकटाच यायचं, हा मित्रसुद्धा नाही." माझ्याकडे बघून जरासा हसला. "पूर्वेच्या झाडीत नको, तिकडे गाई आहेत. गाडी रस्त्यावरच ठेव. आणि फाटक जसं असेल तसं सोडायचं. उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद."

सहकाऱ्याने त्याच्याकडून पत्ता आणि फोन लिहून घेतला, स्वतःचा नंबर आणि गाडीचा नंबर एका कार्डावर लिहून दिला. निघताना मागच्या फाटकातून झाडी बघून यायला म्हाताऱ्यानेच सांगितलं. जाताना फाटक बंद होतं. येताना सहकारी पुढे गेला, मी मागे राहिलो, साखळी खिळ्यात अडकवली आणि दोनदा ओढून पाहिली. म्हातारा कोठारातून बघत होता.